वास्तववादी गेम प्रॉप्सचा पोर्टफोलिओ कसा सुधारावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लेंडर किंवा माया या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हात बसला आहे, सबस्टन्स पेंटर हे टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) रंगवायचं सॉफ्टवेअर वापरता येतं, काही प्रॉप (गेममधल्या सुट्या वस्तू) पूर्णही झालेत, पण पोर्टफोलिओ पाठवला की पुढे काही घडत नाही. अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सॉफ्टवेअरमधली बटणं इथे शिकवलेली नाहीत. वस्तू खरी का वाटते आणि का वाटत नाही, इथेच बहुतेक उत्तरं येऊन पोहोचतात, कारण माझ्या मते या कामाचा गाभा तोच आहे.

पोर्टफोलिओत किती प्रॉप असावेत?

चार ते सहा पुरेत, पण सगळे पूर्ण हवेत. पाहणारा तुमच्या सर्वांत कच्च्या कामावरून अंदाज बांधतो. कच्चं काम तुम्ही ठेवलंत, याचा अर्थ ते कच्चं आहे हे तुम्हाला दिसलं नाही, असा तो घेतो. म्हणून ट्युटोरियलबरहुकूम केलेली बंदूक, शिकताना केलेलं पहिलं पिंप, अर्धवट सोडलेलं पात्र हे सगळं काढून टाका. जीवावर येतं, पण काढा.

उरलेल्यांत मटेरियलचं वैविध्य असू द्या. रंगवलेला पत्रा, जुनं लाकूड, चामडं किंवा कापड, प्लास्टिक आणि रबर, काच यांतल्या निदान तीन-चार गोष्टींवर तुमची पकड आहे हे दिसलं पाहिजे. पाचही प्रॉप गंजलेल्या लोखंडाचे असतील, तर तुम्हाला गंज येतो एवढंच सिद्ध होतं.

कोणती वस्तू निवडू?

जी हातात घेऊन उलटसुलट बघता येईल ती. लाकडी खोका, तेलाचं पिंप आणि तलवार पाहणाऱ्याने असंख्य वेळा पाहिलेली असते. तिथे वेगळेपणा दाखवणं फार अवघड जातं. त्यापेक्षा शिवणयंत्र, जुना टेलिफोन, हाताने फिरवायचं ड्रिल, टाइपरायटर, रॉकेलचा कंदील अशी वस्तू घ्या. तिचे भाग एकमेकांत कसे बसतात हे समजून घ्यावं लागतं, तिला तीन-चार मटेरियल असतात आणि वापरणाऱ्याचे हात कुठे लागतात हे सहज ठरवता येतं. या पानावर मी कंदिलाचंच उदाहरण पुन्हा पुन्हा घेणार आहे.

दुसऱ्या कलाकाराच्या कन्सेप्टवरून (कल्पनाचित्रावरून) प्रॉप केलात तरी चालतं, मात्र त्याचं नाव ठळक लिहा.

रेफरन्स किती गोळा करावेत?

आकड्यापेक्षा प्रकार महत्त्वाचे. बहुतेक जण वस्तूचे समोरून काढलेले वीस फोटो जमवतात आणि मागची बाजू, बूड, सांधे अंदाजाने करतात. तो अंदाज मॉडेलमध्ये लगेच उघडा पडतो.

प्युअररेफमध्ये (संदर्भाचे फोटो मांडायचं सॉफ्टवेअर) चार वेगळे गट करा. एकात पूर्ण आकार आणि मापं. दुसऱ्यात रचना: वस्तू उघडलेली, दुरुस्तीला आलेली, सुटे भाग मांडलेली, शक्य झाल्यास पेटंटमधली किंवा माहितीपुस्तिकेतली रेखाचित्रं. तिसऱ्यात झीज आणि मळ, अगदी जवळून. चौथ्यात प्रकाश, म्हणजे तशाच मटेरियलवर उजेड कसा पडतो याचे फोटो. तिसरा गट त्याच वस्तूचा असायलाच हवा असं नाही. रंगवलेल्या पत्र्याचे पोपडे कसे सुटतात हे एखाद्या जुन्या फाटकावरही तितकंच छान दिसतं.

इतर कलाकारांची रेंडर्स (मॉडेलची अंतिम चित्रं) दर्जाचा अंदाज घ्यायला पाहा, रेफरन्स म्हणून नको. त्यांनी जे गाळलं किंवा चुकवलं ते तुमच्यातही उतरेल. एआयने बनवलेल्या चित्रांना तर रचनेसाठी हातच लावू नका. त्यातला स्क्रू कशालाच धरून नसतो आणि बिजागर कुठेच वळत नाही.

मॉडेल मापात आहे, तरीही खेळण्यासारखं दिसतं. असं का?

जवळजवळ नेहमी दोन कारणं सापडतात: जाडी आणि कडा.

कंदिलाची टाकी पाहा. ती पातळ पत्र्याचे दोन दाबलेले भाग जोडून केलेली असते आणि जिथे ते जुळतात तिथे पत्रा दुमडून चेपलेला असतो. त्या दुमडीचा एक बारीक उंचवटा टाकीभोवती फिरतो. काचेच्या दोन्ही बाजूंनी ज्या नळ्या वर जातात त्या निव्वळ आधारासाठी नसतात, त्यांच्यातून ज्योतीला हवा मिळते. त्यामुळे त्या खाली बर्नरच्या पायथ्याशी आणि वर टोपणाशी खरोखर जोडलेल्या दिसायला हव्यात. नवखा कलाकार तिथे एक सिलिंडर दुसऱ्यात घुसवून मोकळा होतो. खऱ्या वस्तूत तिथे झाळकामाचा ओघळ किंवा पत्र्याची घडी असते. असे चार सांधे बरोबर केलेत की पाहणाऱ्याचा उरलेल्या मॉडेलवरही विश्वास बसतो.

कडांचं म्हणाल तर निसर्गात आणि कारखान्यात अगदी धारदार कड क्वचितच असते. हाय पॉलीत (बारकाव्यांसाठी केलेल्या दाट मॉडेलमध्ये) प्रत्येक कडेला गोलाई द्या आणि ती प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त ठेवा, कारण गेममध्ये वस्तू दुरून दिसते आणि फार बारीक गोलाई नॉर्मल मॅपमध्ये (हे बारकावे हलक्या मॉडेलवर भासवणाऱ्या टेक्स्चरमध्ये) पिक्सेलभरही उरत नाही. सगळ्या कडांना एकच माप मात्र देऊ नका. ओतीव लोखंडाची कड जाड आणि मऊ असते, कापलेल्या पत्र्याची बारीक, घडवलेल्या लाकडाची हात लागेल तिथे अधिक गोल. केवळ करड्या रंगात, टेक्स्चरशिवाय, मटेरियल ओळखू आलं पाहिजे.

लो पॉलीत पॉलीगॉन किती चालतील?

लो पॉली म्हणजे गेममध्ये प्रत्यक्ष चालणारं हलकं मॉडेल, त्याचे पॉलीगॉन (सपाट तुकडे) किती असावेत याला एकच आकडा नाही. पहिल्या पुरुषातल्या (पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) गेममध्ये खेळाडूच्या हातात येणारी वस्तू आणि कोपऱ्यातल्या फडताळावर पडून राहणारी वस्तू यांचं बजेट वेगळं असतं. पोर्टफोलिओत तुम्ही स्वतःच भूमिका ठरवा, ती लिहा आणि पाळा. ‘जवळून तपासता येणारा हिरो प्रॉप’ असं लिहिलंत तर कंदिलाच्या गोल काचेला कोन दिसू देऊ नका.

एक कसोटी नेहमी उपयोगी पडते. हा एज लूप (कडांची सलग रांग) काढला तर बाह्याकार बदलतो का? शेडिंग (उजेड-सावलीची छटा) बिघडतं का? दोन्ही उत्तरं ‘नाही’ आली तर तो लूप काढा. सपाट बुडावर चोवीस रेघा आणि तारेच्या गोल कडीला मात्र चारच बाजू, अशी उधळपट्टी वायरफ्रेममध्ये (मॉडेलच्या रेघांच्या जाळीत) तत्काळ दिसते.

अनरियल इंजिन ५ या गेम इंजिनसोबत २०२२ मध्ये नॅनाइट हे फार दाट मॉडेल हाताळणारं तंत्र आलं, मग लो पॉलीची गरजच काय, असं बरेच जण विचारतात. नॅनाइटमुळे दाट मेश (मॉडेलच्या जाळ्या) चालतात, पण सगळे गेम त्या इंजिनवर बनत नाहीत, मोबाइलसाठीचं काम आहे, जुन्या हार्डवेअरसाठीचं आहे. नीट बेक केलेला (हाय पॉलीचे बारकावे टेक्स्चरमध्ये उतरवून लो पॉलीवर चढवलेला) एक तरी प्रॉप दाखवा. जे कौशल्य दिसलं नाही ते नाहीच असं धरलं जातं.

बेक केल्यावर काळे पट्टे, लाटा, वाकडे स्क्रू दिसतात. काय तपासावं?

क्रमाने तपासा. जिथे जिथे हार्ड एज (शेडिंगमध्ये तुटक दिसणारी कड) आहे तिथे यूव्ही (मॉडेलचा सपाट उलगडलेला नकाशा) तुटलेलीच हवी. उलट मात्र सक्तीचं नाही, यूव्हीचा शिवणीचा जोड सॉफ्ट असला तरी चालतो. काटकोनाच्या कडा सॉफ्ट ठेवल्या की नॉर्मल मॅपवर जोरकस रंगछटा चढतात आणि सपाट भागावर लाटा उमटतात.

स्क्रू तिरके दिसत असतील तर बेकिंगचे किरण तिरके जाताहेत. तिथे एखादा आधाराचा लूप घाला किंवा मार्मोसेट या बेकिंग आणि रेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्यू (किरणांचा तिरकेपणा) रंगवून दुरुस्त करा. शेजारच्या भागाची सावली भलतीकडे छापली जात असेल तर भागांना जुळती नावं देऊन नावानुसार बेक करा. बेकच्या आधी लो पॉली ट्रायँग्युलेट करून (त्रिकोणांत कापून) तीच फाइल पुढे सगळीकडे वापरा, नाहीतर इंजिन चौकोन दुसऱ्या दिशेने कापतं आणि तिरपी रेघ दिसते.

खड्डे उंचवट्यासारखे दिसत असतील तर नॉर्मल मॅपची हिरवी चॅनल उलटी आहे. अनरियल डायरेक्टएक्स पद्धत मानतं, युनिटी आणि ब्लेंडर ओपनजीएल. सबस्टन्स पेंटरमधून एक्स्पोर्ट करताना एवढं पाहिलं की हा त्रास मिटतो. हळुवार वळणावर पायऱ्या दिसत असतील तर नॉर्मल मॅप १६ बिटमध्ये बेक करा.

टेक्सेल डेन्सिटी पाळायलाच हवी का?

हो, निदान एका प्रॉपच्या आत. एका मीटरच्या लांबीवर किती पिक्सेल पडतात याचं हे माप. तिसऱ्या पुरुषातल्या (पात्र बाहेरून दिसतं अशा) गेमसाठी मीटरला ५१२ आणि पहिल्या पुरुषातल्यासाठी १०२४ हे आकडे साधारण आधार म्हणून वापरले जातात. हिरो प्रॉपला याहून जास्त मिळतं.

मीटरला १०२४ धरलं तर २०४८ चं एक टेक्स्चर चार चौरस मीटर पृष्ठभाग झाकतं. हातात मावणाऱ्या कंदिलाला तेवढं लागत नाही. त्याला ४०९६ चं टेक्स्चर लावलं म्हणून बारकावे वाढत नाहीत, फक्त मेमरी खर्च होते आणि तुम्ही हिशेब केला नाही हे कळतं. बुडासारख्या न दिसणाऱ्या भागाला कमी जागा द्या, सरळ पट्ट्या यूव्हीत सरळच ठेवा, २०४८ वर आयलंडांच्या (यूव्हीच्या सुट्या तुकड्यांच्या) मध्ये आठ ते सोळा पिक्सेलचं अंतर सोडा.

टेक्स्चरमध्ये सगळं आहे, गंज, धूळ, ओरखडे, तरी खोटं वाटतं. नेमकं काय चुकतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि पोर्टफोलिओ उठतो किंवा पडतो तोही इथेच.

स्मार्ट मटेरियल (झीज-मळासकट तयार मिळणारं मटेरियल) ओढून टाकलं की ते प्रत्येक कडेचा रंग सारखाच उडवतं आणि प्रत्येक खाचेत सारखीच धूळ भरतं. त्याला वस्तू कशी वापरली गेली हे माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत हवं. टेक्स्चर सुरू करण्याआधी कागदावर पाच-सहा वाक्यं लिहा: ही वस्तू किती जुनी, कुठे ठेवलेली, कोण वापरतं, कुठे धरतं, कुठे आपटते, ओल कुठून येते.

कंदील घेऊ. तो कडीने उचलला जातो, म्हणून कडीच्या मधोमध रंग गेलेला आणि धातू हाताने गुळगुळीत झालेला. कडी ज्या भोकांत अडकते तिथे धातूवर धातू घासतो, म्हणून तिथे चकचकीत घळ आणि भोवती काळपट मळ. वात वर-खाली करायच्या चकतीवर बोटं रोज लागतात, तिच्या दात्यांची टोकं उजळ आणि खाचा काळ्या. काचेला काजळी धरते ती वरच्या भागात, कारण धूर वर जातो. शिवाय ती पुसलेली असणार, तेव्हा फडक्याचे फराटे आणि फडकं न पोहोचलेल्या कडेला जाड काळी रेघ. टाकीच्या झाकणाभोवती रॉकेल सांडतं, त्यावर धूळ बसते आणि मेणचट गडद डाग तयार होतो, त्याचा एखादा ओघळ खाली आलेला. बुडाच्या दुमडीत ओल साठते, म्हणून गंज तिथून सुरू होतो आणि वर सरकतो. पोचे आलेच तर टाकीच्या खालच्या अंगाला, कारण कंदील खाली ठेवताना तोच भाग आपटतो.

यातला एकही डाग जनरेटरने (झीज पसरवणाऱ्या साधनाने) आपोआप योग्य जागी येत नाही. जनरेटर जरूर वापरा, पण त्यावर मास्क (थर कुठे दिसावा हे ठरवणारं चित्र) रंगवून नको तिथून झीज पुसून काढा. पुसणं हेच मुख्य काम आहे. झीज जिथे नाही ती जागा शांत राहते आणि त्यामुळेच झीज उठून दिसते.

दुसरी गोष्ट रफनेस, म्हणजे पृष्ठभाग कुठे किती खरखरीत आणि कुठे चमकदार. बहुतेकांचा सगळा जीव बेस कलरमध्ये (मूळ रंगात) असतो आणि रफनेस सपाट करडी राहते. डोळ्याला मात्र मटेरियल ओळखू येतं ते चमकेवरून. सबस्टन्स पेंटरमध्ये फक्त रफनेस चॅनल समोर घ्या. त्या कृष्णधवल चित्रात रंग, उघडा धातू, तेलकट डाग, धूळ, बोटांचे ठसे वेगवेगळे ओळखू येतात का? येत नसतील तर बेस कलर बंद ठेवून आधी तेच काम पूर्ण करा.

तिसरी गोष्ट पीबीआरची (प्रकाशाच्या भौतिक नियमांवर बेतलेल्या मटेरियलची) मूल्यं. मेटॅलिक मॅप (धातू कुठे आहे ते सांगणारा) जवळजवळ पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा असतो. मधल्या छटा फक्त संक्रमणाच्या कडेला. गंज धातू नाही, रंगाचा थरही धातू नाही, धूळही नाही. त्यांचं मेटॅलिक शून्य. अधातूंच्या बेस कलरमध्ये अगदी शुद्ध काळा किंवा शुद्ध पांढरा टाळा, कोळशासारखी काळी वस्तूसुद्धा २५५ पैकी साधारण ३० ते ५० च्या खाली नेऊ नये. उघड्या धातूचा बेस कलर उजळ असतो, साधारण १८० च्या वर. लोखंड गडद दिसतं म्हणून त्याचा बेस कलर गडद करणं ही फार पसरलेली चूक आहे. ते गडद दिसतं कारण त्यात भोवतालची अंधारी खोली उमटलेली असते.

मेगास्कॅन्ससारखी तयार मटेरियल वापरली तर कमीपणा येतो का?

नाही. व्यवसायातही ती वापरतात. मूळ थर म्हणून घ्या, वर स्वतःचं काम करा आणि काय तयार होतं ते लिहा.

रेंडर मार्मोसेटमध्ये करावं की अनरियलमध्ये?

दोन्ही चालतात, पण एक तरी प्रॉप गेम इंजिनमध्ये रियल टाइम चालताना दाखवा. ब्लेंडरच्या सायकल्स या रियल टाइम नसलेल्या रेंडररमधली रेंडर्स देखणी येतात, पण गेमच्या कामासाठी अर्ज करणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये.

प्रकाशाकडे फार कमी लक्ष दिलं जातं. नुसता एचडीआरआय (सभोवतालच्या उजेडाचं चित्र) लावला की अनेकदा सगळीकडून सारखा उजेड येतो आणि आकार सपाट पडतो. एक मुख्य दिवा बाजूने आणि वरून, एक मंद भरणीचा, एक मागून कड उजळणारा, इथून सुरुवात करा. मग मुख्य दिवा वस्तूभोवती हळूहळू फिरवा आणि रफनेसमधले बारकावे जिथे उजळून निघतात तिथे थांबा. पार्श्वभूमी साधी, वस्तूपेक्षा गडद किंवा फिकी. लेन्स ५० मिलिमीटरच्या पुढची घ्या, नाहीतर लहान वस्तू फुगलेली दिसते. ब्लेंडर वापरत असाल तर २०२३ मधल्या ४.० आवृत्तीपासून एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग पडद्यासाठी बसवणारी पद्धत) मुळातच लागू असतो. तीव्र उजेडातले रंग तो नीट सांभाळतो, तसाच राहू द्या.

ब्लूम (उजेडाभोवतीचं तेज), धुकं, रंगांची फाटलेली किनार, गडद कोपरे यांना आवर घाला. पाहणाऱ्याला तुमचं टेक्स्चर पाहायचं असतं.

प्रत्येक प्रॉपच्या पानावर काय काय ठेवू?

पहिलं चित्र सर्वांत ताकदीचं, ज्यात पूर्ण वस्तू एका दृष्टिक्षेपात कळेल. मग मागची बाजू, दोन-तीन जवळची दृश्यं, त्यानंतर वायरफ्रेम, टेक्स्चर मॅप्स आणि यूव्ही. त्रिकोणांची संख्या आणि टेक्स्चरचं माप एका ओळीत. हाय पॉलीचं एक चित्र. आर्टस्टेशनवर (कलाकारांच्या पोर्टफोलिओची वेबसाइट) फिरवून पाहता येणारा मार्मोसेट व्ह्यूअर जोडता येतो. मॉडेल सगळीकडून नीट असेल तर तो जरूर जोडा.

दहा चित्रं पुष्कळ झाली. थोड्याफार फरकाने तोच कोन चारदा दाखवू नका. लघुचित्र निवडताना ते बोटाच्या पेराएवढं करून पाहा, वस्तू ओळखू आली पाहिजे.

प्रॉप सुटा दाखवू की पूर्ण दृश्य उभारू?

सुटा. दृश्य म्हणजे एन्व्हायर्नमेंट आर्टचं वेगळं काम, आणि त्यातल्या कच्च्या भिंतीमुळे चांगला प्रॉप झाकोळतो. फार तर वस्तूखाली एखादी फळी किंवा तिच्या जोडीच्या दोन लहान वस्तू ठेवा. कंदिलाजवळ काड्यापेटी आणि वातीचं भेंडोळं ठेवलं तर आकाराचा अंदाजही येतो.

अभिप्राय मागितला की लोक नुसतं ‘मस्त’ म्हणतात. उपयोगाचं उत्तर कसं मिळेल?

नेमका प्रश्न विचारा आणि लवकर विचारा. ‘कसं वाटतंय?’ याला ‘मस्त’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी ‘टाकी आणि नळ्यांचं प्रमाण फोटोशी जुळतंय का?’ असं, फोटो शेजारी लावून, ब्लॉकआउटच्या (ढोबळ आकार मांडण्याच्या) वेळीच विचारा. टेक्स्चर पूर्ण झाल्यावर कुणी प्रमाणातली चूक दाखवली तर ती सुधारण्याचं धैर्य कुणालाच उरत नाही.

कुणीच नसेल तेव्हा स्वतः करायचे तीन उपाय: रेंडर आडवं उलटून पाहणं, ते कृष्णधवल करून पाहणं, आणि फोटोच्या शेजारी त्याच आकारात ठेवून फरकांची यादी लिहिणं. तिसरा उपाय सर्वांत जास्त शिकवतो. यादीत ‘कमी खरं वाटतं’ असं लिहू नका. ‘फोटोत झाकणाभोवती चमक आहे, माझ्यात नाही’ असं लिहा, म्हणजे पुढचं काम आपोआप ठरतं.

जुना प्रॉप सुधारू की नवा करू?

दोष प्रकाशात किंवा टेक्स्चरमध्ये असेल तर सुधारा. नवी प्रकाशयोजना आणि रफनेसवर पुन्हा काम, एवढ्यानेही जुना प्रॉप ओळखू येणार नाही इतका बदलतो. दोष प्रमाणात, जाडीत किंवा बेकमध्ये असेल तर सोडून द्या आणि नवी वस्तू घ्या. वाकड्या पायावर केलेली टेक्स्चरची मेहनत वाया जाते.

आर्ट टेस्ट आली तर काय पाहतात?

आर्ट टेस्ट म्हणजे स्टुडिओने निवडीआधी करायला दिलेलं काम. त्यात दिलेल्या सूचना तंतोतंत पाळल्या का, हे आधी. त्रिकोणांची मर्यादा दहा हजार म्हटली असेल तर अकरा हजार म्हणजे चूक, मॉडेल कितीही सुंदर असो. मग फाइलची शिस्त: अर्थपूर्ण नावं, पिव्हट म्हणजे वस्तूचा फिरण्याचा बिंदू योग्य जागी (जमिनीवर ठेवायच्या वस्तूचा तळाशी मध्यभागी, दाराचा बिजागरावर), माप खरं. अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर आणि युनिटीत एक मीटर, त्यामुळे पाठवण्याआधी वस्तू त्या त्या इंजिनमध्ये माणसाच्या उंचीच्या ठोकळ्याशेजारी ठेवून पाहा. रफनेस, मेटॅलिक आणि ॲम्बियंट ऑक्लूजन (खाचांतली मंद सावली) एकाच टेक्स्चरच्या तीन चॅनलमध्ये मागितले असतील तर क्रम तपासा आणि त्या टेक्स्चरसाठी एसआरजीबी (रंगीत चित्रांसाठीचं रूपांतर) बंद ठेवा, नाहीतर रफनेसची सगळी मूल्यं सरकतात. वेळ कमी पडेल असं दिसलं तर बारकावे कमी करा, पण बेक, टेक्स्चर आणि रेंडर हे तिन्ही टप्पे पूर्ण करूनच पाठवा.